स्वस्त कर्जाचे मोल : जपानी साहाय्य आणि ठाण्याची भूमी

दिवा आणि डोंबिवली यांच्या मधल्या पट्ट्यातील म्हातार्डी हे ठाणे महापालिकेच्या हद्दीतील गाव. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचे ठाणे स्थानक येथे नियोजित आहे. याच मार्गाचे आगार खाडीपलीकडे, भिवंडी तालुक्यातील भरोडी-अंजूर परिसरात होणार आहे. ५०८ किलोमीटरच्या या मार्गाचा मूळ अंदाजित खर्च सुमारे १ लाख ८ हजार कोटी रुपये होता आणि त्यातील ८१ टक्के रक्कम जपानने कर्जाऊ देऊ केली. व्याज ०.१ टक्का, परतफेडीची मुदत ५० वर्षे आणि पहिली १५ वर्षे मुद्दलाचा हप्ता नाही. घरासाठी कर्ज घेतलेल्या डोंबिवलीकराला हे आकडे अविश्वसनीय वाटावेत असेच आहेत. जगात इतके स्वस्त पैसे कोणी कोणाला उगाच देत नाही. मग जपान ते का देतो आणि त्याची किंमत कोणत्या रूपात वसूल होते, हे समजून घ्यायचे तर सत्तर वर्षांचा इतिहास पाहावा लागतो.

साहाय्याचे स्वरूप

सरकारने सरकारला विकासासाठी दिलेल्या सवलतीच्या पैशाला ‘अधिकृत विकास साहाय्य’ म्हणतात. त्यात परत न करावयाचे अनुदान, तांत्रिक मदत आणि सवलतीचे कर्ज असे तीन प्रकार येतात. युरोपीय देशांचा भर अनुदानावर राहिला. जपानने मात्र कर्जाला प्राधान्य दिले. परतफेड करावी लागली की ऋणको देश पैसा जपून वापरतो, असे जपानी धोरणकर्त्यांचे तत्त्व होते. हे कर्ज येन या जपानी चलनात दिले जाते आणि फेडावेही त्याच चलनात लागते. १९६१ मध्ये या कामासाठी स्वतंत्र निधी स्थापन झाला. त्याची जबाबदारी १९९९ मध्ये जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य बँकेकडे आणि २००८ मध्ये जपान आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेकडे, म्हणजेच ‘जायका’कडे आली. मुंबई-ठाण्याच्या बांधकामांवरील फलकांवर दिसणारे नाव ते हेच.

नुकसानभरपाईतून बाजारपेठ

या साहाय्याचा उगम दुसऱ्या महायुद्धातील पराभवात आहे. युद्धात उद्ध्वस्त केलेल्या देशांना जपानने भरपाई देण्याचे करार केले : ब्रह्मदेशाशी १९५४ मध्ये, फिलिपाइन्सशी १९५६ मध्ये, इंडोनेशियाशी १९५८ मध्ये. ही भरपाई प्रामुख्याने रोख रकमेऐवजी जपानी माल आणि सेवा यांच्या रूपाने देण्यात आली. जहाजे, यंत्रे, वीजनिर्मिती संच जपानी कारखान्यांत तयार होत आणि आग्नेय आशियात पोहोचत. पैसा जपानमध्येच फिरत राहिला आणि भरपाई घेणाऱ्या देशांत जपानी मालाला कायमची बाजारपेठ मिळाली. १९५४ मध्येच जपान कोलंबो योजनेत सामील झाला आणि साहाय्य देणाऱ्या राष्ट्रांच्या पंक्तीत बसला. सैन्य बाळगण्यावर राज्यघटनेच्या नवव्या कलमाने मर्यादा घातलेल्या देशाकडे परराष्ट्र धोरणाचे एकच भक्कम हत्यार उरले होते आणि ते होते पैशाचे.

पहिला ऋणको भारत

जपानने येनमधील पहिले कर्ज दिले ते भारताला, १९५८ मध्ये. रक्कम होती १८ अब्ज येन, म्हणजे त्या वेळचे ५ कोटी डॉलर. त्यामागे राजकीय पार्श्वभूमी होती. सॅन फ्रान्सिस्को येथील १९५१ च्या तह परिषदेस भारत गेला नाही. त्याने ९ जून १९५२ रोजी जपानशी स्वतंत्र तह केला आणि युद्धभरपाईवरील हक्क सोडून दिला. १९५७ मध्ये पंतप्रधान नोबुसुके किशी भारतात आले आणि त्याच वर्षी पंडित नेहरू जपानला गेले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या ओझ्याने भारताची परकीय चलनाची गंगाजळी आटत होती. जपानला यंत्रे विकायची होती आणि पोलाद गिरण्यांसाठी लोहखनिज हवे होते. गोव्याचे खनिज मुरगाव बंदरातून १९५० च्या दशकात जपानकडे जातच होते; पुढे किरिबुरू आणि बैलाडिला येथील खाणींसाठी करार झाले. मैत्री, माल आणि कच्चा माल या तीन धाग्यांनी साहाय्य विणले गेले.

महाराष्ट्रातही हा पैसा बुलेट ट्रेनच्या कितीतरी आधी पोहोचला. शहापूर तालुक्यातील चोंढे आणि अकोले तालुक्यातील घाटघर यांना जोडणारा २५० मेगावॉट क्षमतेचा उदंचन जलविद्युत प्रकल्प जपानी कर्जातून उभा राहिला. रात्री पाणी वर चढवायचे आणि दिवसा विजेची मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची, अशी त्याची रचना आहे. अजिंठा-वेरूळ परिसराच्या जतन व पर्यटन विकासासाठीही १९९० च्या दशकापासून जपानी कर्ज मिळाले. या टप्प्यावर हे कर्ज व्यापार आणि सदिच्छा यांपुरते होते. त्याचा दुसरा चेहरा १९९८ मध्ये दिसला.

पोखरणनंतर गोठलेला निधी

मे १९९८ मध्ये भारताने पोखरण येथे अणुचाचण्या केल्या आणि काही दिवसांतच जपानने नवे अनुदान व नवी कर्जे थांबवली. अणुबॉम्बचे चटके सोसलेल्या देशाची ही प्रतिक्रिया स्वाभाविक होती. तिला १९९२ च्या साहाय्य सनदेचा आधारही होता. लष्करी कारणांसाठी साहाय्य वापरले जाऊ नये आणि ऋणको देशाचा लष्करी खर्च, संहारक अस्त्रे व लोकशाहीची स्थिती यांकडे लक्ष द्यावे, अशी तत्त्वे त्या सनदेत होती. चीनने अणुचाचण्या केल्यावर १९९५ मध्ये त्याचेही अनुदान जपानने रोखले होते. आधी करार झालेली कामे मात्र चालू राहिली. दिल्ली मेट्रोचा पहिला कर्जकरार १९९७ मधला असल्याने ती अडली नाही.

पंतप्रधान योशिरो मोरी ऑगस्ट २००० मध्ये भारतात आले आणि ऑक्टोबर २००१ मध्ये निर्बंध उठले. भारताने या काळात अण्वस्त्रे सोडली नव्हती. बदलले होते ते आशियातील चित्र. चीनची ताकद वाढत होती आणि जपानला आशियात दुसरा आधार हवा होता. २००३-०४ पासून भारत येन-कर्जाचा सर्वांत मोठा ग्राहक ठरला. १९७९ पासून चालू असलेली चीनची नवी कर्जे २००७-०८ मध्ये बंद झाली आणि चीनला मिळणारे उरलेसुरले साहाय्यही मार्च २०२२ मध्ये संपले. एका देशाची तिजोरी बंद होत गेली आणि दुसऱ्याची उघडत गेली, हा योगायोग नव्हता.

दोन समुद्रांचा संगम

२२ ऑगस्ट २००७ रोजी पंतप्रधान शिंझो आबे यांनी भारतीय संसदेत भाषण करून हिंदी व प्रशांत महासागर यांच्या संगमाची कल्पना मांडली. हे आबे म्हणजे १९५७ मध्ये भारतात आलेल्या किशींचे नातू. मध्यपूर्वेतील तेल ज्या सागरी मार्गांनी जपानला पोहोचते त्यांच्या मध्यावर भारत आहे, हे त्यामागचे गणित होते. पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग याच काळात आकाराला आला. दादरीपासून न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरापर्यंतच्या सुमारे १,५०० किलोमीटरच्या या मार्गाला जपानने कर्ज दिले. पूर्वेकडील मार्गासाठी जागतिक बँक पुढे आली. पश्चिम मार्ग निवडण्यात जपानचे हित उघड होते : दिल्लीच्या आसपास जपानी मोटार कंपन्यांचे कारखाने आहेत आणि त्यांचा माल पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून बाहेर पडतो. कर्जाच्या विशेष अटींनुसार ठरावीक प्रमाणात खरेदीही जपानमधूनच करायची होती.

या मार्गाचा वैतरणा ते जेएनपीटी हा सर्वांत शेवटचा टप्पा वसई, भिवंडी, दिवा-कोपर, निळजे आणि तळोजे या पट्ट्यातून जातो. दाट वस्ती आणि भूसंपादनाचे वाद यांमुळे तो मागे राहिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच मार्गासाठी निळजे येथील जुना उड्डाणपूल पाडण्यात आला, तेव्हा कल्याण-शिळ रस्त्यावरील वाहतूक काही दिवस वळवावी लागली. त्या कोंडीत अडकलेल्यांपैकी फार थोड्यांना या कामाचा दिल्ली-टोकियो संबंधांशी असलेला दुवा ठाऊक असेल.

एकाच दिवसाचे करार

बुलेट ट्रेनचा करार समजून घेण्यासाठी २०१५ हे वर्ष महत्त्वाचे आहे. मे महिन्यात आबे यांनी आशियातील ‘दर्जेदार पायाभूत सुविधां’साठी पाच वर्षांत ११० अब्ज डॉलर देण्याची घोषणा केली. चीनच्या पुढाकाराने आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँक उभी राहत होती, त्याला हे उत्तर होते. सप्टेंबरमध्ये इंडोनेशियातील जकार्ता–बांडुंग अतिजलद रेल्वेच्या स्पर्धेत जपान हरला आणि ते काम चीनकडे गेले. डिसेंबरमध्ये भारताला देऊ केलेल्या ०.१ टक्के व्याजाच्या कर्जाकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. जपानला शिंकान्सेन तंत्रज्ञान परदेशात उभे राहिलेले दाखवायचे होते आणि त्यासाठी तो सवलतीच्या दरातही आणखी सवलत देण्यास तयार होता.

१२ डिसेंबर २०१५ रोजी नवी दिल्लीत बुलेट ट्रेनसंबंधीचा सहकार्य करार झाला. त्याच दिवशी, त्याच बैठकीत, संरक्षण सामग्री व तंत्रज्ञानाच्या हस्तांतराचा आणि गोपनीय लष्करी माहितीच्या सुरक्षेचा असे आणखी दोन करार झाले. नागरी अणुसहकार्याबाबतही सामंजस्य झाले. तो करार नोव्हेंबर २०१६ मध्ये स्वाक्षरित होऊन जुलै २०१७ मध्ये अमलात आला. ज्या अणुकार्यक्रमामुळे १९९८ मध्ये कर्ज थांबले, त्या कार्यक्रमासह भारताला स्वीकारण्याचा हा निर्णय होता. सप्टेंबर २०२० मध्ये दोन्ही देशांच्या सैन्यांनी एकमेकांना रसद पुरवण्याचा करार केला. रेल्वेच्या कर्जाने हे करार विकत घेतले असे म्हणता येणार नाही. परंतु रूळ आणि रसद ही एकाच विश्वासाची दोन अंगे म्हणून पुढे सरकली, हे तारखा सांगतात.

अंदमानचे उदाहरण बोलके आहे. १९४२ ते १९४५ या काळात ही बेटे जपानी सैन्याच्या ताब्यात होती. त्याच दक्षिण अंदमानात वीज साठवणाऱ्या बॅटऱ्यांसाठी २०२१ मध्ये जपानने सुमारे ४ अब्ज येनचे अनुदान मंजूर केले. प्रकल्प पूर्णतः नागरी. मात्र मलाक्का सामुद्रधुनीच्या तोंडाशी असलेल्या या बेटांचे स्थान सर्वांनाच ठाऊक आहे.

सनद बदलत गेली

जपानी साहाय्य आणि लष्कर यांच्यामधली भिंत एका रात्रीत पडली नाही. १९९१ च्या आखाती युद्धात जपानने १३ अब्ज डॉलर दिले, पण सैन्य पाठवले नाही. युद्धानंतर कुवेतने आभार मानलेल्या देशांच्या यादीत जपानचे नाव नव्हते. ही बोच जपानी राजकारणात खोल रुतली. २०१४ मध्ये शस्त्रनिर्यातीवरील निर्बंध सैल झाले. फेब्रुवारी २०१५ च्या नव्या सनदेने ‘राष्ट्रहित’ हा शब्द साहाय्याच्या उद्देशात आणला आणि आपत्ती निवारणासारख्या बिगरलष्करी कामांसाठी परदेशी सैन्याला मदत देण्याची वाट मोकळी केली. दरम्यान फिलिपाइन्सच्या तटरक्षक दलाला कर्जातून गस्ती नौका मिळाल्या होत्या. तटरक्षक दल कागदोपत्री नागरी असल्याने सनदेचा भंग झाला नाही. नौका मात्र दक्षिण चीन समुद्रातच फिरणार होत्या.

डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय सुरक्षा धोरणानंतर, एप्रिल २०२३ मध्ये ‘अधिकृत सुरक्षा साहाय्य’ हे नवे दालन उघडले. यातून समविचारी देशांच्या सैन्यांना थेट उपकरणे दिली जातात. पहिल्या वर्षी फिलिपाइन्स, मलेशिया, बांगलादेश आणि फिजी यांची निवड झाली. फिलिपाइन्सला किनारी टेहळणीचे रडार मिळाले. या निधीची तरतूद २०२३ मध्ये २ अब्ज येन होती, ती २०२५ मध्ये ८.१ अब्ज येनवर गेली. विकास साहाय्याच्या तुलनेत ही रक्कम क्षुल्लक आहे. परंतु सैन्याला मदत न देण्याचा सहा दशकांचा दंडक तिने मोडला. जपानमधील टीकाकारांचे म्हणणे असे की, शांततावादी देशाची पत ज्या साहाय्याने कमावली, त्याच्याच शेजारी शस्त्रांचे दुकान थाटले की दोन्हींवरचा विश्वास उणावतो. सरकारचे उत्तर असे की, दोन खाती वेगळी ठेवल्यानेच जुने साहाय्य निर्मळ राहील.

खाडीखालून आणि शेतावरून

या साऱ्या घडामोडींचा भौतिक भार पडतो तो ठाण्यासारख्या जिल्ह्यावर. वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंत २१ किलोमीटरचा बोगदा असून त्यातील ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून जातात. खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य आणि खारफुटी वाचावी, हा बोगद्यामागील एक हेतू. घणसोली ते शिळफाटा हा सुमारे ४.९ किलोमीटरचा भाग सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार खोदून झाला. गाडी ठाण्यापर्यंत २०२८ मध्ये आणि मुंबईपर्यंत २०२९ मध्ये पोहोचेल, असे त्या वेळी रेल्वेमंत्र्यांनी सांगितले.

शिळफाट्यानंतर मार्ग जमिनीच्या वर येतो आणि शिळ, देसाई, आगासन, म्हातार्डी या आगरी वस्तीच्या पट्ट्यातून उल्हास खाडीकडे जातो. येथे प्रश्न सात-बाऱ्यावरील नावांचा, वाटण्यांचा आणि मोबदल्याच्या दराचा होता. महापालिकेची शिळ येथील जागा हस्तांतरित करण्याचा प्रस्ताव २०२० मध्ये ठाणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत वारंवार मागे पडला. जून २०२२ मध्ये राज्यात सत्तांतर झाले आणि रखडलेल्या मंजुऱ्या मार्गी लागल्या. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबई, ठाणे व पालघर जिल्ह्यांतील सुमारे २२ हजार खारफुटीची झाडे तोडण्यास अटींवर परवानगी दिली. टोकियो आणि दिल्लीत २०१५ मध्ये पक्का झालेला निर्णय गावपातळीवर विचारला गेला तो कित्येक वर्षांनी, आणि तोही ‘हवे की नको’ असा नव्हे, तर ‘किती मोबदल्यात’ असा.

तरीही परकीय कर्जामुळे नागरिकाला एक जादा दरवाजा मिळाला, हेही नोंदवायला हवे. बाधितांशी सल्लामसलत, पुनर्वसन आणि पर्यावरण यांबाबत ‘जायका’ची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. २०१८ मध्ये गुजरातमधील शेतकऱ्यांनी त्यांच्या आधारे थेट या संस्थेकडे दाद मागितली आणि तिच्या प्रतिनिधींना शेतकऱ्यांचे म्हणणे ऐकण्यासाठी यावे लागले. केवळ देशी पैशातून प्रकल्प झाला असता, तर ही वाट नसती.

व्याजापलीकडचा हिशेब

कर्जाची रक्कम सुमारे ८८ हजार कोटी रुपये धरली, तर ०.१ टक्का दराने वर्षाचे व्याज ८८ कोटी होते. एवढ्या मोठ्या कामासाठी ही रक्कम नगण्य आहे. परंतु परतफेड येनमध्ये आहे. येनचा भाव रुपयाच्या तुलनेत १० टक्क्यांनी वाढला, तर याच कर्जाचे रुपयांतील ओझे सुमारे ८,८०० कोटींनी वाढेल, म्हणजे शंभर वर्षांच्या व्याजाइतके. भाव उतरला, तर तेवढाच लाभ होईल. ५० वर्षांच्या मुदतीत चलनाचे काय होईल, हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून केवळ व्याजदर पाहून हे कर्ज फुकट आहे असे म्हणणे अपुरे ठरते. भागभांडवलात केंद्राचे १० हजार कोटी आणि महाराष्ट्र व गुजरात यांचे प्रत्येकी ५ हजार कोटी आहेत. मार्गाचे १५६ किलोमीटर आणि बारापैकी चार स्थानके महाराष्ट्रात, तर ३४८ किलोमीटर आणि आठ स्थानके गुजरातेत आहेत. दोन्ही राज्यांचा वाटा मात्र समान.

ऋणको देश अगदीच हतबल असतो, असेही नाही. जपानी गाड्यांची किंमत व मुदत यांवर वाटाघाटी लांबल्या, तेव्हा ऑक्टोबर २०२४ मध्ये ताशी २८० किलोमीटर वेगाच्या दोन देशी गाड्यांचे काम बंगळूरच्या ‘बीईएमएल’ कंपनीला देण्यात आले. भारताने जपानचा पैसा घेतला, पण कोणत्याही लष्करी आघाडीत सामील होण्याची अट मान्य केली नाही. श्रीलंकेच्या हंबनटोटा बंदराची जी गत चिनी कर्जाने झाली, तशी मालमत्ता हातची जाण्याची वेळ जपानी कर्जाने भारतावर आलेली नाही.

म्हणून जपानी साहाय्याला दानधर्म म्हणणे जितके चूक, तितकेच त्याला कारस्थान ठरवणेही चूक. तो एक दीर्घ मुदतीचा सौदा आहे. त्यात जपानला बाजारपेठ, तंत्रज्ञानाची प्रतिष्ठा आणि चीनच्या पश्चिमेला एक बलवान मित्र मिळतो. भारताला स्वस्त भांडवल आणि सामरिक वजन मिळते. या सौद्याच्या कागदांवर म्हातार्डी, निळजे किंवा अंजूरच्या शेतकऱ्याची सही नसते, जमीन मात्र त्याची असते. दिल्ली आणि टोकियोने आपापला नफा-तोटा मांडून घेतला आहे. महानगरपालिकांनी आणि नागरिकांनी आपला हिशेब स्थानकाचा पहिला खांब उभा राहण्यापूर्वी मांडायचा असतो. या जिल्ह्यातून पुढचा परकीय कर्जाचा मार्ग आखला जाईल, तेव्हा व्याजदराच्या आकड्याबरोबर चलन, खरेदीच्या अटी आणि जमीन या तीन रकान्यांकडेही पाहिले गेले, तर स्वस्त कर्जाचे खरे मोल वेळेवर कळेल.